पत्र्यावर काय वाजलं?

१

नूरजहाँच्या पाटीचे दोन तुकडे वर्गाच्या दारात पडले होते. बाहेरच्या पायरीवर रक्ताचे थेंब वाळून काळे झाले होते. माझ्या आधी येऊन बसणाऱ्या बायकांपैकी एकही तिथं नव्हती.

मार्गासनीच्या पुढं, भातखाचरांच्या कडेला बायकांचं एक लहानसं कारागृह आहे. निवृत्त झाल्यापासून मी भोरहून एसटीनं तिथं शिकवायला जाते. त्याआधी हिर्डोशीकडच्या शाळांत सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. तुरुंगात कोण कशासाठी आलं आहे ते मी विचारत नाही. पहिलीतल्या पोरांनाही मी कधी त्यांच्या बापाचा धंदा विचारला नाही.

"बाई, आज शिकवणी न्हाई," किल्ल्या वाजवत शिपाई बाळाबाई आल्या. "साहेबांनी बोलावलंय तुमाला."

तुरुंगाधिकारी इंद्रजित साहेब तरुण होते, सभ्य होते आणि कायम थकलेले दिसत. त्यांनी मला खुर्ची दिली.

"तुमच्या नूरजहाँनं काल दुपारी सोनियाच्या तोंडावर पाटी मारली. पोरीचा दात पडला."

सोनिया म्हणजे मंगलची मुलगी. आईबरोबर आतच राहायची. तुरुंगातल्या आईपाशी मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं, पुढं नाही. घरचं कोणी न्यायला नसलं तर ते बालगृहात जातं. सोनियाला पाचवं चालू आहे, असं मंगल सांगायची.

"उद्या सकाळी गाडी येईल," साहेब म्हणाले. "नूरजहाँला मोठ्या तुरुंगात पाठवतोय."

"आणि परीक्षा?"

"आता परीक्षा कसली घेऊन बसलात, बाई!"

साक्षरतेची परीक्षा तोंडावर आली होती. जी पास होईल तिला शिक्षेत सूट मिळावी म्हणून साहेबच वर शिफारस करणार होते. ती सूट मिळाली असती तर नूरजहाँ उन्हाळ्याआधी घरी गेली असती आणि बालगृहात ठेवलेला तिचा मुलगा फरदीन तिला परत आणता आला असता. वर्गात सगळ्यात पुढं होती ती. पण अंगावर मारहाणीचा ठपका आला की सूटही गेली आणि फरदीनही.

"तिनं कबूल केलं?" मी विचारलं.

"नाही."

"मग मारलं नाही म्हणते?"

"तेही नाही. तोंडच उघडत नाही. संध्याकाळपर्यंत तुम्ही विचारून बघा. तुमचं ऐकतात त्या."

मी उठले, पण मन ठिकाणावर नव्हतं. हीच नूरजहाँ एका वजाबाकीसाठी माझ्याशी अर्धा तास भांडायची. वजाबाकी चुकली की फळ्याला दोष द्यायची. तिला काल हातातलं सगळं जाताना दिसत होतं, आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

२

"तुम्ही पाहिलं का मारताना?" मी बाळाबाईंना विचारलं.

"मारताना न्हाई. पन ऐकलं समद्यांनी. पोरीनं हिची पाटी उचलली अन् हातातनं सोडली. पाटीचे दोन तुकडे! ही अशी वरडली की तिकडं भटारखान्यात माझ्या हातातला चहा सांडला. मग म्या आले तर पोरीच्या फ्रॉकवर रगात. आनि काय बघायचं ऱ्हायलं?"

"लगेच आलात?"

"लगेच कशी येनार? सांडलेला चहा पुसला, मग आले. तवा मंगल पोरीला घेऊन वर्गाच्या मागं हुबी. म्या म्हनलं, नूरजहाँनं मारलं न्हवं? तिनं खाली मान घातली."

"म्हणजे हो म्हणाली?"

"मान घातली म्हनजे व्हयच की, बाई! लग्नात मुलगीबी मानच घालती."

पाटीचे तुकडे मी उचलून पाहिले. लाकडी चौकट, कोपरे, दगड. रक्ताचा एक ठिपकाही कुठं नव्हता.

"पुसलं आसंल तिनं," बाळाबाई म्हणाल्या.

"तिच्या हातात फडकं होतं?"

बाळाबाईंनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "तुमी साहेबांच्या वरताण विचारताय, बाई."

साळूबाई भिंतीच्या सावलीला तांदूळ निवडत बसल्या होत्या. जन्मठेपेच्या कैदी. वर्गातली सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी. 'क' काढताना जीभ बाहेर काढायच्या.

"साळूबाई, काल काय झालं हो?"

"मला काय इचारताय? माझ्या तोंडात बघा की. हितं कुनीबी पाटी न मारता समदं रिकामं झालंय!" असं म्हणून त्या पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही, तशा गप्प झाल्या. "म्या हितंच बसलेले. वर्गाच्या मागल्या अंगाला."

"काही दिसलं?"

"दिसतंय कुठं मला? ऐकलं. पाटी फुटली त्ये ऐकलं. नूरजहाँ वरडली त्ये ऐकलं. मग ती पान्याला गेली, तिच्या बांगड्या वाजल्या न्हवं, हौदाकडं. मग जरा शांत. मग पत्र्यावर काय तरी वाजलं. ठक करून. बारीक."

"दगड?"

"दगड न्हाई. त्याचा आवाज दणदणीत येतो. ह्ये बारीक, मक्याचा दाना टाकल्यावानी. घरंगळलं अन् वरच ऱ्हायलं. म्या म्हनलं कावळा आसंल. त्येच्यामागनं बाळाबाई आली बोंबलत."

"सोनिया कधी रडली?"

साळूबाईंनी तांदळातला खडा शोधता शोधता विचार केला.

"आता तुमी म्हनताय तर... पोरगी रडलीच न्हाई."

३

मंगल बराकीच्या कोपऱ्यात सोनियाला मांडीवर घेऊन बसली होती. हिर्डोशीच्याही वरच्या एका वाडीतली, नाचणीच्या भाकरीवर वाढलेली काटक बाई. नवरा गेलेला, सासरच्यांनी नाव टाकलेलं. मला पाहून तिनं पोरीचं तोंड पदरानं झाकलं.

"बघू गं दात," मी म्हटलं.

"नका बाई, दुखतंय तिला. आत्ताच झोपली."

पदराच्या आतून दोन टक्क उघडे डोळे माझ्याकडं पाहत होते.

"डॉक्टर आले होते?"

"म्याच नगं म्हनलं. रगात थांबलंय. उगा त्रास कशाला समद्यांना?"

शेजारी थाळीत आमटीत भिजवलेल्या भाकरीचा लगदा होता. मी भटारखान्यात जाऊन स्वयंपाकाला असलेल्या बाईला सहज विचारलं, कालपासून मऊ देताय का पोरीला? ती म्हणाली, कालपासून कसलं, आठवडा झाला मंगल भाकरी भिजवूनच नेतीय.

मी परत बराकीत आले. सोनिया आता उठून बसली होती. मी तिच्यासमोर मांडी घातली.

"सोनिया, आपण एक गंमत करायची का? हा हात असा डोक्यावरून न्यायचा आणि पलीकडचा कान धरायचा. मला येतो. तुला येतो का बघू!"

"बाई..." मंगल म्हणाली.

पण गंमत म्हटल्यावर सोनिया थांबणार कशी? तिनं उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान चिमटीत पकडला. नुसता टोकाला नाही, पाळीपर्यंत. मग आनंदानं हसली.

हसताना तोंड उघडलं. वरचे दात जागेवर, रांगेत, शाबूत. वरच्या ओठावर सूज नाही, ओरखडा नाही. फक्त खालच्या ओळीत मध्यभागी एक लहान, स्वच्छ खिडकी.

मंगलनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण माझं पाहून झालं होतं. आणि मला दिसलं हे मंगललाही दिसलं होतं.

४

मी वर्गात जाऊन एकटीच बसले. पहिलीचा वर्ग घेणाऱ्या बाईला जे रोज दिसतं, ते इथं कुणाला दिसलं नव्हतं.

तोंडावर पाटी बसली तर आधी ओठ फुटतो. मग पुढं असलेले वरचे दात हलतात. खालचा मधला एकच दात नेमका उचलून न्यायला पाटी काही चिमटा नाही. तो दात मारानं पडत नाही. तो वयानं, सहाव्या वर्षाच्या सुमारास पडतो, आणि दुधाच्या दातांत सगळ्यांत आधी पडतो. पहिलीच्या वर्गात जूनपासून एकेक पोर तशी खिडकी घेऊन येतं आणि मला दाखवतं.

दात आठवडाभर हलत होता, म्हणून भाकरी भिजत होती. काल दुपारी पाटी फुटली, नूरजहाँ ओरडली आणि हौदावर निघून गेली. ती गेल्यावर दात आपोआप पडला. पोरगी रडली नाही, कारण रडण्यासारखं काही झालंच नव्हतं. आणि मग मंगलनं तेच केलं जे आमच्या डोंगरातली कुठलीही आई करते. पडलेला दुधाचा दात कुणाच्या पायाखाली येऊ नये, नवा सरळ यावा, म्हणून छपरावर फेकला. दात लपवायचा म्हणून मातीत पुरता आला असता, खिशात ठेवता आला असता. पण हात तिच्या आईचा, आजीचा होता. तो आपोआप वर गेला. मारानं तुटलेला दात कुणी पत्र्यावर टाकत नाही.

आणि कान. वाड्यावस्त्यांवर जन्माची तारीख कुणाला ठाऊक नसायची, तेव्हा आम्ही पोरांना असंच शाळेत घ्यायचो. डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला पोचला की पोर सहाचं झालं. सोनियाचा जन्म वाडीवरचा. आत येताना आईनं सांगितलं तेच वय सगळ्यांनी धरलं होतं.

कोडं सुटलं. आता साहेबांकडं जायचं, चार वाक्यं बोलायची, की नूरजहाँ मोकळी.

मी दारापर्यंत गेले आणि थांबले. त्या चार वाक्यांमधलं एक वाक्य असं होतं: सोनिया सहा वर्षांची आहे.

५

नूरजहाँला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. गजाच्या पलीकडं ती भिंतीला पाठ लावून बसली होती. भोरच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं कल्हईचं दुकान होतं. बोलणं तसंच, ठणठणीत.

"आलात? म्या म्हनलंच, बाई गप बसायच्या न्हाईत."

"तू मारलं नाहीस."

"व्हय का?"

"तू हौदावर होतीस. दात आपला आपण पडला. पोरगी सहाची झालीय. आणि हे तुला काल कळलंय, म्हणून तू बोलत नाहीस."

ती उठून गजाशी आली. आवाज खाली आणला.

"बाळाबाईनं मला धरून आनली तवा पोरीनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं. दाखवत हुती मला. नूरजहाँमावशी, बघ! म्या बघितलं. मंगलकडं बघितलं. तिचं त्वांड बघायला पायजे हुतं तुमी, बाई. मेलेल्या मानसाचंबी तसं नसतं."

"तिनं तुझ्यावर ढकललं."

"तिनं कुठं काय म्हनलं? मान घातली. म्याबी घातली आसती."

"अगं, फरदीनचं काय? उन्हाळ्यात तू त्याला घरी आणणार होतीस ना?"

बाहेर कुणी ऐकत नाही ना, ते तिनं पाहिलं.

"तुमाला सांगते. त्याला हितनं न्हेला तवा माझा पदर सोडंना. पयल्या भेटीला आला, अम्मी म्हनला. दुसऱ्या भेटीला आला, तवा मला म्याडम म्हनला. तिकडं समद्या बायांना म्याडमच म्हनत्यात ना. म्या काय बोलनार? व्हय बाळा म्हनलं." तिनं गज घट्ट धरला. "माझा गेला, बाई. तुमी त्याला घरी आनायच्या बाता करता, म्याबी करते, पन तो गेला. हिची आजून हाय."

"किती दिवस राहील? दुसरा दात हलायला लागेल. लपत नाही हे."

"ऱ्हाईल तितके दिस ऱ्हाईल. तुमी गप ऱ्हावा."

"मला खोटं बोलता येत नाही, नूरजहाँ."

"खोटं कोन बोला म्हनतंय? वर्गात आमाला म्हनता की, उत्तर येत नसंल तर गप बसा, शेजारणीचं बघू नगा. तसं बसा."

एक वाट उरली होती. मी ती धरली.

साहेब चहा घेत होते. मी म्हटलं, "साहेब, माझी खात्री आहे, पाटीनं लागलेलं नाही. पाटीवर रक्त नाही. नूरजहाँ त्या वेळी हौदावर होती, साळूबाईंनी तिच्या बांगड्या ऐकल्यात. पोरगी पायरीवर पडली असेल."

साहेबांनी कप खाली ठेवला. ते वाईट नव्हते. विचार करायला लागले.

"पडली असेल तर बरंच आहे. मलाही एक भांडण कमी. असं करतो, वेल्ह्याहून डॉक्टर बोलावतो. पोरीचं तोंड तपासतील, लागलं कसं ते लिहून देतील. मग मी नूरजहाँची बदली थांबवतो."

डॉक्टर. तोंड उघडायला लावतील, एक नजर टाकतील आणि हसून म्हणतील, अहो, दुधाचा दात आहे हा.

"काय बाई, बोलावू?"

नूरजहाँला सोडवायची प्रत्येक वाट त्या पोरीच्या तोंडातून जात होती. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाचरात कुणीतरी पेंढा जाळत होतं. कितीतरी वर्षं मी पोरांना सांगत आले की खरं उत्तर एकच असतं आणि ते आलं की सगळं सुटतं.

"नको," मी म्हणाले. "मला नक्की माहीत नाही. मी आपलं अंदाजानं बोलले."

"मग गाडी उद्या येईल," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला.

६

नूरजहाँ गेली तेव्हा मी तिथं नव्हते. बाळाबाई म्हणाल्या, गाडीत चढताना तिनं कुणाकडं पाहिलं नाही. साहेबांनी दगडी पाट्या बंद केल्या. मी कागदावर शिकवू लागले. मंगल माझ्या नजरेला नजर देत नव्हती, पण एक दिवसही चुकवत नव्हती. अक्षर सुधारलं तिचं. सोनिया मागं बसून ओठ मिटून चित्रं काढायची.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तपासणी होती. पुण्याहून बालकल्याणच्या एक बाई आल्या होत्या. साहेब त्यांना वर्ग दाखवत होते. मी फळ्यापाशी होते. तेवढ्यात सोनिया मागून धावत आली. मंगल उठेपर्यंत उशीर झाला होता. पोरीनं मूठ उघडून माझ्यापुढं धरली.

"बाई, बाई, बघा! दुसराबी पडला! आपला आपनच पडला!"

तळहातावर तांदळाएवढा दात होता. बालकल्याणच्या बाई वाकल्या. कौतुकानं म्हणाल्या, "अगं बाई! मोठी झाली की गं तू!"

मग त्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

त्या संध्याकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. पहिला दात, पत्रा, हौद, गजाआडचं बोलणं, सगळं.

"तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा बोलले असते तर सोनिया गेली असती. नाही बोलले, म्हणून नूरजहाँ गेली. आता दोघी गेल्या. नूरजहाँला तरी परत आणा."

"कशी आणू? डॉक्टर न बोलावता मी निर्णय घेतला, हे मलाच वर लिहावं लागेल. आणि लिहिलं तरी परीक्षेच्या आत काही हलणार नाही." त्यांनी डोळे चोळले. "बघतो." त्यांच्या त्या 'बघतो'चा अर्थ त्यांनाही ठाऊक होता.

सोनियाला न्यायला जीप आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. तिला शाळेत जायचं आहे असं सांगितलं होतं, म्हणून ती नव्या फ्रॉकमध्ये नाचत होती. मंगलनं तिची वेणी घातली. एक बाजू सैल झाली. परत घालते म्हणाली, तर जीपवाला म्हणाला, उशीर होतोय. सोनिया पुढच्या सीटवर बसली आणि मागं वळून न पाहता हॉर्न वाजवू का म्हणून विचारू लागली. जीप वळली. मंगल फाटकाशी उभी राहिली. बाळाबाईंनी तिला आत चल म्हटलं नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

परीक्षेला साळूबाई बसल्या, मंगलही बसली. मला वाटलं होतं, ती कोरा कागद ठेवून उठेल. नाही. तिनं सगळं लिहिलं, मन लावून. नूरजहाँच्या जागेवर कुणी बसलं नाही.

दोघी पास झाल्या. साळूबाईंच्या जन्मठेपेला त्या सुटीनं काही फरक पडणार नव्हता. त्या म्हणाल्या, "मग कशाला घासून घेतली माझी जीभ?" आणि हसल्या. मंगलची शिक्षा थोडी कमी होणार होती. सोनियाला घरी नेण्याइतकी नाही. घर उरलंच नव्हतं.

निकाल सांगून मी निघाले तेव्हा मंगल माझ्या मागं आली. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच ती आपणहून बोलली.

"बाई, ती सूट मला मिळालीय, ती नूरजहाँला देता येती का?"

मी म्हटलं, विचारते.

मी खरोखरच परत आत गेले आणि साहेबांना विचारलं. ते हसले नाहीत. देता येत नाही, म्हणाले. मी येऊन मंगलला तसं सांगितलं. तिनं मान हलवली, केरसुणी घेतली आणि रिकामा वर्ग झाडायला लागली.